जुनी पोलो घेणाऱ्यांनो, आधी वही मागा

राम राम मंडळी,

फोक्सवागनची जुनी पोलो, व्हेंटो किंवा अमिओ घेतलेल्या आणि घ्यायला निघालेल्या सगळ्यांना हे पत्र. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. तुमच्यापैकी काही जण मला ओळखता, बरेच ओळखत नाही, पण तुमच्या गाड्या मी ओळखतो.

गेल्या शनिवारी संध्याकाळी शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात दारात एक पांढरी पोलो येऊन थांबली. २०१५ चं मॉडेल, डिझेल. आतून पंचविशीतला पोरगा उतरला. चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याला वाटावं याचं लग्न ठरलंय. बॉनेटवर हार अजून ताजा होता. "मिस्त्री, कालच घेतली. बघा जरा, कशी मिळालीय."

म्हटलं, बघू की, कागद काढ. त्यानं आरसी दिली, इन्शुरन्स दिला, पीयूसी दिली. म्हटलं, हे पोलिसाला दाखवायचे कागद झाले, माझे कुठायत? टायमिंगचा पट्टा कधी बदललाय? गिअर ऑइल कधी टाकलंय? तो हसला.

"झालंच असणार की सगळं. पहिले मालक डॉक्टर होते."

मंडळी, कोल्हापूर आणि सांगली मिळून जेवढे डॉक्टर नसतील तेवढ्या गाड्या आपल्याकडं 'सिंगल हँड, डॉक्टरची गाडी' म्हणून विकल्या जातात. डॉक्टरनं गाडी जपलेली असणार असा आपला समज. अहो, डॉक्टरला स्वतःचं बीपी बघायला वेळ नसतो, तो बॉनेट कधी उघडणार? आणि समजा जपली असेल, तर त्याची बिलं कुठं गेली?

त्या पोराला जे बोललो तेच मी गेली कित्येक वर्षं येईल त्याला बोलतोय. आता घसा बसला, म्हणून लिहितोय. जर्मन गाडी महाग पडते, पार्ट मिळत नाहीत, घेऊन पस्तावलो, अशी रड माझ्या दारात रोज असते. माझं म्हणणं असं की गाडी महाग पडत नाही. तिच्याबद्दल काहीच माहीत नसणं महाग पडतं. आधीच्या माणसानं काय केलं, काय टाळलं, कुठल्या डब्यातलं तेल ओतलं, हे ज्याला ठाऊक नाही तो दुसऱ्याची उधारी फेडत बसतो. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा रंग बघू नका, टायर बघू नका. आधी वही मागा.

वही म्हणजे साधी शंभर पानी वही. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

आधी या गाडीचं थोडं. फोक्सवागन म्हणजे जर्मनमध्ये लोकांची गाडी. आपल्याकडं ती लोकांची काही झाली नाही, शौकिनांची झाली. चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ ला झालं, त्याच डिसेंबरात पोलो तिथं तयार व्हायला लागली, २०१० मध्ये रस्त्यावर आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. बारा वर्षं. म्हणजे ही जर्मन गाडी आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात जन्मलेली. दार लावल्यावर येणारा तो 'ठप्प' आवाज, नव्वद-शंभरच्या वेगात रस्त्याला चिकटून बसणं, वळणावर स्टिअरिंगचा तो जडपणा. ज्याला याचा नाद लागला त्याला दुसरी गाडी पुठ्ठ्याची वाटते. मलाही वाटते, खोटं कशाला बोलू.

पण आता हिशोब बघा. पहिल्या पोलोंना २०२५ मध्ये पंधरा वर्षं झाली. म्हणजे आरटीओत पुन्हा पासिंग, २०२२ पासून त्याची फी पाच हजार रुपये, वर हरित कर. शेवटच्या गाड्यासुद्धा आता वॉरंटीच्या बाहेर पडत चालल्यात. तिसऱ्या, चौथ्या मालकाकडं जायची वेळ आलीय यांची, आणि प्रत्येक हातबदलात कागद गळतात. पहिल्याकडून दुसऱ्याकडं जाताना निम्मे, तिसऱ्याकडं पोचेपर्यंत नुसती आरसी.

पट्ट्याचं बघा. दीड लिटरच्या डिझेलला टायमिंगचा पट्टा आहे, रबराचा. खाली क्रँक फिरतो, त्या पट्ट्यानं वरचा कॅमशाफ्ट फिरतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागेवर थांबतो, क्रँक मात्र फिरतच राहतो, आणि वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हला जाऊन धडकतो. पुढचं सांगायला नको. वेळेत बदलला तर काही हजारांचं काम. तुटल्यावर हेड खोला, व्हॉल्व्ह बदला, कधी पिस्टनसुद्धा, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतं जसा काही मीच तो तोडला. पट्टा तुटायच्या आधी आवाज करत नाही, दिवा लावत नाही, काही सांगत नाही. किलोमीटरनं जसा संपतो तसा वयानंही संपतो. दारात उभ्या गाडीचं रबरसुद्धा म्हातारं होतंच. त्याचं वय सांगणारी एकच गोष्ट, लिहून ठेवलेली तारीख. बदलाल तेव्हा त्याच्यासोबत टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही बदला. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. पंपाचे पैसे वाचवून सहा महिन्यांनी तेच सगळं पुन्हा खोलायला आलेले लोक मी बघितलेत.

या पट्ट्यापायी माझीही एकदा लाज गेलीय, तेही सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एक व्हेंटो आली, मालक नवा, कागद शून्य. मी म्हटलं, रिस्क नको, बदलून टाकू. खोलून बघतो तर पट्ट्यावरची छपाई कोरी करकरीत, टेन्शनर नवा. कुणीतरी नुकताच बदललेला होता. तोवर सगळं सुटं झालेलं, नवा संच पुण्याहून आलेला. मी मजुरी घेतली नाही, पण पार्टचे पैसे त्याचे गेलेच. तो चांगला पट्टा अजून माझ्या टेबलामागं खिळ्याला टांगलाय. कुणी वहीची टिंगल केली की मी तिकडं बोट दाखवतो. एका ओळीची नोंद नव्हती, एवढीच त्याची किंमत.

आता तेल. इथं सगळ्यात जास्त वाद होतात. "माझ्या भावाच्या दुकानातलं तेल आहे, चांगल्या कंपनीचं आहे, टाका." कंपनी चांगलीच असते हो. पण डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं ५डब्ल्यू-४० म्हणजे नुसता पातळ-घट्टपणा. डबा फिरवा, मागं बारीक अक्षरात बघा. व्हीडब्ल्यू ५०२ ०० असा काहीतरी आकडा असेल, तो फोक्सवागननं त्या तेलाला दिलेला परवाना. पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांना हाच लागतो, डिझेलचा वेगळा, नव्या एक लिटरच्या टर्बोचा बघून घ्या. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरं पडलेलं असतं, दहा वर्षं. वर्षाला किंवा १५,००० किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, तेल बदलायचं. 'जे आधी होईल' याच्यावर माझा जोर आहे. "गाडी चाललीच नाही हो, वर्षात चार हजार" म्हणणाऱ्यांची तेलं मी काकवीसारखी घट्ट झालेली काढलीत.

पाण्याचं तर विचारू नका. कूलंटच्या टाकीत गुलाबी किंवा जांभळट रंग दिसायला पाहिजे. त्यात हिरवं ओतलं की दोघांचं जमत नाही, रंग तपकिरी होतो आणि बारीक नळ्यांत गाळ धरतो. बोअरचं पाणी ओतणाऱ्यांना तर नमस्कार. ज्या पाण्यानं घरातल्या गिझरची कॉइल पांढरी होते ते रेडिएटरमध्ये काय करत असेल? टाकीचं झाकण उघडून बघायला एक मिनिट लागतं. थंड गाडीचं उघडा, गरम गाडीचं नको.

पुराच्या गाड्यांवर मात्र मला थांबायला लागेल, कारण हे दुखणं आपल्या भागाचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुण्या-बंगळूरची वाहतूक कित्येक दिवस बंद होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. सांगलीतही तसंच. तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या याचा विचार करा. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं वाटतं तुम्हाला? काही धुतल्या गेल्या, आत सुवासिक फवारा मारला गेला, आणि जिथं पूर आला नव्हता अशा जिल्ह्यात विकल्या गेल्या. कधी कधी फिरून परत इथंच येतात. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची गाडी विदर्भात जाऊन दोन वर्षांनी परत आलेली मी बघितलीय, नवा मालक म्हणत होता, "तिकडची गाडी आहे मिस्त्री, पाऊस लागलेला नाही."

कशी ओळखायची? सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस दिसणारा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला कोण धुतोय. शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. मागं स्टेपनी उचला, तिच्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळाचा कण सापडतो. सीटच्या खालचे लोखंडी रूळ बघा, गाडीच्या आत तिथं गंज यायचं काही कारण नाही. कार्पेट उचलता आलं तर वायरिंगचे जोड बघा, हिरवे पडले असतील तर हात जोडून निघा. जुन्या गाडीत इंजिन भिजणं परवडतं एक वेळ. या गाड्यांत जागोजागी कंट्रोल युनिट बसवलेली असतात, एकमेकांशी सतत बोलत असतात. त्यातलं एक भिजलं की आज काच चालत नाही, उद्या एअरबॅगचा दिवा, परवा गाडी चालूच होत नाही. आणि मालक मला विचारतो, जर्मन गाडीचं इलेक्ट्रिकल एवढं कसं खराब? अरे बाबा, ती पाच दिवस नदीत होती.

पावसाळ्यात तुमची स्वतःची गाडी पाण्यात बंद पडली तर सेल मारू नका. एकदाही नको. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ढकलत बाहेर काढा, ओढून गॅरेजला आणा. साध्या पॉलिसीत अशा इंजिनाचे पैसे बहुतेक मिळत नाहीत, हे पावसाळ्याआधी एजंटला विचारून ठेवा.

आता डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मला माहितेय तुम्ही याचीच वाट बघत होता.

२०१३ ला पोलोची जीटी टीएसआय आली, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल आणि सात गिअरचा डीएसजी. पुढं डिझेल व्हेंटोला आणि अमिओलाही तो मिळाला. २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम आल्यावर डिझेल गेलं, एक लिटरचं टर्बो पेट्रोल आलं आणि पोलोच्या ऑटोमॅटिकला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) बसला. त्यामुळं ऑटोमॅटिक पोलो घेताना आधी वर्ष विचारा, दोन्ही गिअरबॉक्सची जात वेगळी आहे.

हा सात गिअरचा डीएसजी म्हणजे आत दोन क्लच, दोन्ही कोरडे. एकाकडं पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्याकडं दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा तयार होऊन बसलेला असतो, म्हणून बदल इतका पटकन होतो की कळत नाही. हे सगळं चालवणारं डोकं म्हणजे मेकॅट्रॉनिक, तेल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच डब्यात. याची बदनामी झाली ती उगीच नाही. २०१३ च्या मार्चमध्ये चीनमध्ये कंपनीला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा घोषणा झाली, गरम-दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक असेल तिथं गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल टाकायचं. गरम, दमट, थांबत-थांबत. वर्णन ओळखीचं वाटतं ना?

तेव्हा डीएसजीची गाडी घेताना वहीतली दोन पानं मला पाहिजेतच: गिअरबॉक्सचं तेल कधी आणि कुठलं, मेकॅट्रॉनिक किंवा क्लचचं काम झालंय का. झालं असेल तर घाबरू नका, उलट बरं. बिल आणि तारीख असलेलं झालेलं काम हे त्या गाडीतलं सगळ्यात भरवशाचं काम.

आणि चालवायची सवय बदला. रविवारी पन्हाळ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागते. त्यात लोक ब्रेकवर पाय न ठेवता नुसता ॲक्सिलरेटर दाबून गाडी चढावर उभी धरतात. म्हणजे क्लच अर्धवट टेकलेला, घासत, तापत. कोरडा आहे तो, त्याला थंड करायला तेल नाही. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला इंच-इंच पुढं सरकणं हाही तोच प्रकार. पुढच्या गाडीपाशी अंतर पडू द्या, मग एकदम सोडून जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. क्लच त्याच्या खिशातून येणार नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं स्कॅनर लावला की गाडी आपोआप रोग सांगते. मग मोबाईलला जोडायचं छोटं यंत्र विकत घेतात आणि दिवा लागला की बिघाडाचा कोड उडवून टाकतात. दिवा विझतो, रोग असतोच. जुनी गाडी विकणाऱ्यालाही ही युक्ती माहितेय. सकाळी कोड उडवायचे, दुपारी गिऱ्हाईक. पण कोड उडवले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात, आणि 'रेडिनेस' म्हणून जे खातं असतं ते अपुरं दिसायला लागतं. ते बघा. सगळ्या तपासण्या अपुऱ्या असतील तर कुणीतरी नुकतीच पाटी पुसलीय.

याहून मोठी गंमत एकदा बघितली. काट्यावर ६२,००० किलोमीटर. मालक छातीवर हात ठेवून त्याची खात्री देत होता. मी पूर्ण स्कॅन मारला. या गाड्यांत फॉल्टच्या नोंदीसोबत तो किती किलोमीटरला आला हेही साठवलेलं असतं. एका कोपऱ्यातल्या युनिटमध्ये जुना फॉल्ट पडून होता, १,१८,००० किलोमीटरचा. मी काही बोललो नाही, स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. मीटर मागं घेणाऱ्यानं पुढची पाटी पुसली, मागच्या खोलीत पाऊल उमटलेलं राहिलं.

दोन गोष्टी वर्षाकडं बघून विचारायच्या. २०१४ च्या आधीची, खालच्या व्हेरियंटची पोलो असेल तर एअरबॅग आहेत का बघा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं भारतातली पोलो आपटून बघितली, बिनएअरबॅगवालीला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅगवालीला चार. कंपनीनं मग बिनएअरबॅगची विकणं बंद केलं, पण आधी विकलेल्या फिरतायत अजून. स्वस्त मिळतात, घरात लेकरं असतील तर स्वस्त घेऊ नका. दुसरं, डिझेल इंजिनांच्या धुराच्या भानगडीत डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवागन, स्कोडा, ऑडी मिळून भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या होत्या, सॉफ्टवेअर बदलायला. तुमची त्यात होती का, काम झालं का, हे चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. उत्तर वहीत लिहा.

पार्ट मिळत नाहीत, ही पुढची तक्रार. ती एके काळी शंभर टक्के खरी होती. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला तो याच कारणानं, की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं माझ्यासारख्या बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. आजही नवी चावी कोड करायची तर थेट जर्मनीतल्या सर्व्हरला विचारायला लागतं, तिथं माझं काही चालत नाही, तुम्हाला सर्व्हिस सेंटरलाच जायला लागेल. जा, बिल घ्या, चिकटवा.

बाकी बहुतेक पार्ट मिळतात. फक्त 'पोलोचा फिल्टर द्या' असं मागू नका, नंबर सांगा. या कंपनीत नंबराशिवाय काही हलत नाही. वोल्फ्सबुर्गच्या त्यांच्या कारखान्यात १९७३ पासून कामगारांसाठी सॉसेज बनतं, त्यालासुद्धा पार्ट नंबर आहे: १९९ ३९८ ५०० ए. थट्टा नाही करत. आता ज्यांच्या कँटीनमधल्या खाण्याला पार्ट नंबर आहे त्यांच्या ब्रेक पॅडला किती असतील! शेवटचं ते अक्षर लक्षात ठेवा, ए, बी, सी. पार्टमध्ये सुधारणा झाली की अक्षर बदलतं. माणूस म्हणतो 'तोच आहे हो', आणि बसवताना एक भोक इकडं असतं. नंबर हाताशी असला की दुसराही फायदा होतो. बॉश, माहले, झाक्स, लुक यांनी बनवलेला तोच पार्ट त्यांच्या स्वतःच्या डब्यात कमी पैशात मिळू शकतो. बॉशचा कारखाना तर आपल्या नाशकात आहे. डबा साधा म्हणून माल हलका असं नसतं, आणि डबा भारी म्हणून आतला माल खरा असंही नसतं. पावती देणाऱ्याकडून घ्या.

एक विनंती माझ्याच भाऊबंदांना, म्हणजे मिस्त्री लोकांना. बारा कोनी गोटी नसताना या गाड्यांचे बोल्ट ॲलन की ठोकून खोलू नका रे. डोकं गोल होतं आणि मग ती गाडी माझ्याकडं वेल्डिंग करून बोल्ट काढायला येते. हत्यार नसेल तर पाठवून द्या, गिऱ्हाईक तुमचंच राहील. आणि बिल द्या. कच्च्या चिठ्ठीवर का होईना, तारीख, किलोमीटर, काय केलं, सही. 'वहीत लिहिलं तर उद्या अंगावर येईल' ही भीती मला कळते, माझ्याही मनात होती. पण लिहून देणाऱ्याकडंच गिऱ्हाईक परत येतं, हा माझा अनुभव आहे.

तर वही. कव्हरवर गाडीचा नंबर, आत चासी नंबर आणि इंजिनाचं नाव. प्रत्येक कामाला तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, कुणी केलं. बिल पिन मारून. टायर कधी, बॅटरी कधी, ब्रेक ऑइल कधी. गाडीतून नवा आवाज आला तर तोही लिहा, 'डावीकडून, खड्ड्यात, पावसात जास्त'. तुम्ही फोनवर पाच मिनिटं तोंडानं आवाज काढून दाखवता त्यापेक्षा ही ओळ मला जास्त उपयोगी. फोनमध्ये फोटो काढून ठेवतो म्हणणाऱ्यांनी फोन बदलल्यावर काय झालं ते मला सांगावं.

गडहिंग्लजच्या एक बाई होत्या, शाळेत गणित शिकवायच्या. २०११ ची पेट्रोल पोलो. त्यांची वही बघून मला माझ्या बिलबुकाची लाज वाटायची. हवा भरल्याचीसुद्धा नोंद. समासात लाल शाईनं पुढच्या कामाची तारीख. गाडी विकायची म्हणाल्या तेव्हा मी एका ओळखीच्याला फोन केला, वहीच्या चार पानांचे फोटो पाठवले, त्यानं गाडी न बघता टोकन दिलं. बाजारभावापेक्षा थोडं जास्तच. वही देताना बाई जरा हळव्या झाल्या, गाडी देताना नाही.

याच्या उलट एक गृहस्थ. त्यांनीही छान वही ठेवलेली, सगळं व्यवस्थित. गाडी विकली आणि वही घरी ठेवून घेतली. आठवण म्हणून! नवा मालक माझ्याकडं कोरा आला. मी त्यांना फोन केला तर म्हणाले, "त्यात क्लच बदलल्याचं लिहिलंय, गिऱ्हाईक बिचकलं असतं." अहो, नवा क्लच आहे हे सांगायची लाज वाटते आणि जुना पट्टा लपवायची नाही वाटत? विकणाऱ्यांनो, वही गाडीसोबत द्या. ती तुमची नाही, गाडीची आहे. चावी जशी देता तशी द्या.

त्या शनिवारच्या पोराचं राहिलंच. त्याला म्हटलं, हायवेला काढू नकोस, सोमवारी सकाळी हळू आण. आणली. पट्ट्याचं कव्हर काढलं. पुलीच्या बोल्टवर कारखान्यात मारलेली रंगाची खूण जशीच्या तशी, म्हणजे आजवर तिथं पाना लागलेला नव्हता. काट्यावर १,३६,००० किलोमीटर, वय दहा वर्षांच्या वर, आणि पट्टा वाकवून बघितला तर दातांच्या बुडाशी केसासारख्या भेगा. पोरगं गप्प झालं. नवा पट्टा, टेन्शनर, पंप रात्रीच्या गाडीनं मागवले. मंगळवारी काम संपेपर्यंत त्याला समोरच्या दुकानातून वही आणायला लावली. त्यानं वर 'श्री' काढलं, मी पहिली नोंद लिहिली, शिक्का मारला.

जुन्या विम्याच्या कागदावर त्याला पहिल्या मालकांचा पत्ता सापडला होता. गेला बिचारा शोधत. डॉक्टर नव्हतेच ते, औषधांचं दुकान आहे त्यांचं. पण माणूस भला निघाला, घरभर शोधून सर्व्हिसची सहा बिलं काढून दिली. पोरानं ती तारखेनं लावून वहीत चिकटवलीत, काल दाखवायला आला होता. पट्ट्याचं त्यात एकही नाही.

कळावे,
उद्यमनगरातला एक मिस्त्री